नमुन्याचा एक नग

विक्रेता खोकं ठेवून गेला, सोमवारी येतो म्हणाला.
खोक्यावर एका डोक्याभोवती सात वर्तुळं,
कडेला लिहिलेलं: कॉम्प्युटर, कन्सोल, दोन्हीला चालतो.

उलानबातरच्या या तळघरात माझे सव्वीस कॉम्प्युटर, दोन कन्सोल,
आणि चिकटपट्टीवर जगणारे जुने हेडसेट.
सगळे बदलायचे तर कर्ज काढावं लागेल,
म्हणून आधी कानांची परीक्षा. माझ्या नव्हे.
माझे कान वीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी गेले,
त्यांना आता फक्त नोटांची सळसळ कळते.

तुगुल्दुर पहिला. सात नंबरवाला, चष्मेवाला.
पाव तासात तिघांना जिन्यावर टिपलं.
"पावलं कळतात," म्हणाला, "वरच्या मजल्यावरची,
दाराआडची सुद्धा."
काढला तेव्हा कानांमागे
चष्म्याच्या काड्यांचे लाल चर.
मी वहीत लिहिलं: दाब जास्त.

खुलान म्हणाली, माइकमधून नोमिन पिंपात बसल्यासारखी बोलते.
नोमिन म्हणाली, ती एरवीही तशीच बोलते.
कन्सोलपाशी वायर अपुरी; सोफा पुढे ओढला,
त्याखाली गेल्या वर्षीची दोन बिस्किटं सापडली.
लिहिलं: वायर. (बिस्किटांचं लिहिलं नाही.)

बाहेर उणे तीस. खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबलेली,
तरी कोळशाचा धूर आत येऊन
रांगेत उभा राहतो, गिऱ्हाइकासारखा.

बिल्गूत झाडू मारतो, तासाभराच्या खेळाच्या बदल्यात.
तेरा वर्षांचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या घरचे नव्वद घोडे होते.
मग झूद आला. बर्फ वितळला, पुन्हा गोठला,
गवताला काचेचं कुलूप लागलं.
आता टेकडीवर त्यांचं गेर आहे
आणि गेरमध्ये नव्वदांतलं एक खोगीर.

त्यानं हेडसेट घातला आणि एकही गोळी झाडली नाही.
मैदानाच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटून,
जागच्या जागी गोल फिरत,
मरायची हौस असल्यासारखा. पोरं हसली.
मग तो बोट दाखवू लागला.
डाव्या खांद्यामागे घोडा. एकच.
पुढचा उजवा खूर जपून टाकतोय.
तिकडे ओढा, थोडा खाली.
पडद्यावर पाहिलं, तसंच होतं.

"मागचं चांगलं आहे," म्हणाला, "बाजूचंही.
पण समोर काहीच नाही.
समोरचं सगळं माझ्या कपाळाच्या आत वाजतंय."

तुगुल्दुरनं हेडसेट ओढून घेतला, ऐकला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
इतके दिवस समोरच्याला सगळे डोळ्यांनीच मारत होते.
कानोसा घ्यायची वेळच आली नव्हती.

सोमवारी मी विक्रेत्याला कपाळ ठोकून दाखवलं.
तो म्हणाला, असं आजवर कुणी म्हटलं नाही.
म्हटलं, तुमच्याकडे घोडे राखलेलं कुणी नसेल.
बारा घेतले. नगामागे नऊ हजार तुगरुग पाडून.

पण वहीतली शेवटची ओळ आदल्या शनिवारची आहे.
शटर अर्धं खाली, दिवे मालवलेले,
एका पडद्याच्या उजेडात बिल्गूत अजून बसलेला.
खेळात कुणी उरलं नव्हतं. नुसता बर्फ, क्षितिजापर्यंत,
आणि वारा.
म्हटलं, ऊठ. त्यानं एक कान मोकळा केला.

"हा वारा बर्फावरचा नाही," तो म्हणाला.
"हा गवतावरून येतोय. उंच गवत, कोरडं.
कुणीतरी उन्हाळ्यात भरून आणलाय."

मी किल्ल्या परत खिशात टाकल्या.
वहीत लिहिलं: वारा, खोटा.
मग 'खोटा' खोडलं.
त्या अर्ध्या तासाचे पैसे कुठल्या रकान्यात मांडायचे
ते अजून ठरलेलं नाही.